फ्रेयाची बहिरी

ती सुटली तेव्हा तिच्या पायात हातभर लांबीची दोरी तशीच बांधलेली होती. नुसती सुटली असती तर फार बिघडलं नसतं. पाळलेली बहिरी, म्हणजे बहिरी ससाण्याची मादी, भूक लागली की शिट्टीला परत येते, आणि नाहीच आली तर स्वतः शिकार करून जगते. पण दोरी लोंबकळत असलेला पक्षी झाडावर जाऊन बसला की दोरी फांदीत अडकते. मग तो पुन्हा उडू बघतो आणि उलटा लटकतो. उलटा लटकलेला ससाणा फार वेळ जगत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि तरी २०१७ सालच्या मे महिन्यातल्या त्या सकाळी दोरीचं टोक माझ्याच हातातून निसटलं.

आम्ही २०१४ मध्ये आयर्लंडला आलो. पहिली दोन वर्षं समुद्रकाठच्या डून लेरीला होतो, मग नवऱ्यानं नोकरी बदलली आणि किलकेनीला घर घेतलं, भाड्यानं. तो सॉफ्टवेअरमध्ये. मी पुण्यात शाळेत शिकवत होते, पण इथे माझ्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नव्हती. घरात बसून बसून मी नवऱ्यावर चिडायला लागले होते. तेव्हा गावाबाहेर दहा मिनिटांवर असलेल्या एका शेतावर मी आठवड्यातून तीन दिवस बिनपगारी जायला लागले.

शेताची मालकीण मूळची डेन्मार्कची. पासष्टीची असेल. आयरिश माणसाशी लग्न करून आलेली, आता एकटी. तिच्याकडे एक बहिरी ससाणा, दोन घुबडं, एक जाडजूड डुकरीण आणि राखाडी रंगाची दोन केसाळ मांजरं होती. शाळांच्या सहली यायच्या. सुरुवातीला मी नुसते पिंजरे धुवायचे. मग तिच्या लक्षात आलं की मला मुलांना गोष्ट सांगता येते.

इथल्या मुलांना शाळेत व्हायकिंग शिकवतात. त्यांची जहाजं, कुऱ्हाडी, त्यांचा हातोडावाला देव, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या देवी मात्र कुणाला माहीत नसतात, ही मालकिणीची तक्रार. म्हणून तिनं देवी आणि त्यांचे प्राणी असा एक कार्यक्रम बसवला होता. त्यात मुख्य फ्रेया. तिच्या रथाला दोन मांजरं जुंपलेली, तिच्या सोबतीला एक रानडुक्कर, आणि तिच्याजवळ ससाण्याच्या पिसांचं एक पांघरूण. ते अंगावर घेतलं की घेणारा ससाणा होऊन उडतो. मुलं मांजरांना हात लावायची, डुकरिणीला गाजरं घालायची आणि शेवटी मालकीण हातमोज्यावर बहिरीला घेऊन यायची. शाळेची मुलं तिला फ्रेयाची बहिरी म्हणायची.

मला ऐकताना आपल्या देवी आठवायच्या. कुणी वाघावर, कुणी घुबडावर, षष्ठीचं तर मांजरच. पण आपल्याकडे देवी प्राण्यावर बसते. प्राणी पांघरणारी देवी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग ती स्वतः उडून जाते कुठे?" मी एकदा विचारलं होतं.

"ज्या गोष्टी उरल्यात त्यांत तरी कुठेच नाही," मालकीण म्हणाली. "लोकी नावाचा एक लबाड देव आहे, तो दर वेळी ते मागून नेतो. पांघरूण तिचं, उडतो तो."

"आणि परत देतो?"

"देत असणार. त्याशिवाय दुसऱ्यांदा मागायला कसा येईल?"

त्या एप्रिलमध्ये सासूबाई आल्या. यवतमाळजवळच्या गावाहून, आयुष्यातला पहिला विमानप्रवास करून, तीन महिन्यांसाठी. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या घरात अंडंही शिजत नाही. मी शेतावर जाते आणि शाळेच्या मुलांना गोष्टी सांगते एवढंच त्यांना ठाऊक होतं. बहिरीला काय खायला घालतात हे मी सांगितलं नव्हतं. तिला कोंबडीची एका दिवसाची मेलेली पिल्लं घालतात. ती गोठवून ठेवलेली असतात, पिवळीच्या पिवळी, चोच-पायांसकट. आणि नेमका त्या आठवड्यात शेतावरचा मोठा फ्रीजर बंद पडला. मालकिणीनं पिल्लांची पाकिटं ओळखीच्या घरांत वाटून ठेवली. एक मी आणलं. तीन पिशव्यांत गुंडाळून, वर वर्तमानपत्र लावून, आमच्या फ्रीजरच्या तळच्या खणात मटारच्या पुड्याखाली दडवलं. दोनच दिवसांचा प्रश्न होता.

त्या सकाळी मालकिणीला गुडघ्याच्या एक्स-रेसाठी हॉस्पिटलात जायचं होतं. साडेदहाला चौथीच्या मुलांची बस येणार होती. "मी साडेबारापर्यंत येईन," ती जाताना म्हणाली. "तू मांजरांपासून सुरू कर. बहिरीला फक्त खोलीतून काढून बाहेरच्या ओंडक्यावर बांध. उडवायचं नाही. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. आधी चार वेळा तिच्यासमोर केलं होतं.

काम सोपं असतं. डाव्या हातात जाड हातमोजा. बहिरीच्या पायांत चामड्याच्या दोन वाद्या असतात, त्या अंगठ्याखाली दाबून धरायच्या. वाद्यांना बांधलेल्या दोरीचं टोक त्याच हाताच्या करंगळीभोवती दोनदा गुंडाळायचं. मग चालायचं. सव्वादहाला मी तिला घेऊन अंगणात आले आणि खिशातला फोन वाजायला लागला. मी वाजू दिला. बंद झाला, लगेच पुन्हा वाजला. बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला. सासूबाई घरी एकट्या होत्या. इथला गॅस, इथली दारं, काहीच त्यांच्या सवयीचं नव्हतं. मी उजवा हात खिशात घातला. तो घालताना डावा हात कलला, दोरीचं टोक करंगळीवरून सुटलं, फोनकडे पाहताना अंगठा सैल झाला, आणि त्याच क्षणी बहिरीनं झेप घेतली. हातावरचं वजन एकदम नाहीसं झालं. तिच्या पायातलं घुंगरू खणखणलं, निळी दोरी तिच्यामागे सापासारखी हलताना दिसली. कुंपणाच्या झाडांवरून ती पूर्वेकडे गेली आणि मी तशीच उभी.

फोन घरूनच होता. मी उचलला नाही. मी मालकिणीला फोन लावला.

"बहिरी सुटली," मी म्हणाले.

 मागे हॉस्पिटलातली कुणाची तरी हाक ऐकू येत होती. मग तिनं एकच प्रश्न विचारला. "दोरी आहे पायात?"

माझ्या तोंडातून गेलं, "नाही."

का गेलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून नव्हे. 'हो' म्हटलं असतं तर मी त्या शेतावर पुन्हा कशी जाणार होते? आणि त्या शेताशिवाय माझ्याकडे तिथे होतंच काय?

"मग ग्रँड, काळजी नाही," ती म्हणाली. तिचा आवाज सैलावला. "नुसत्या वाद्यांनी काही होत नाही. संध्याकाळी भूक लागली की येईल. तू मुलांचं बघ."

बस फाटकातून आत येत होती.

त्या दोन तासांतलं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. अठ्ठावीस मुलं आणि एक तरुण बाई. मी रथाची गोष्ट सांगितली. दोन मांजरं रथ कशी ओढणार, ती तर एका दिशेला चालतच नाहीत, असं एक मुलगी म्हणाली आणि सगळी हसली. मीही हसले. लक्ष मात्र दर झाडाकडे जात होतं. पूर्वेला चर्चचा सुळका, त्यापलीकडे खाणीचा कडा, विजेच्या तारा. दोरी कशातही अडकू शकत होती. डुकरिणीच्या वाड्याशी मी फ्रेयाच्या रानडुकराबद्दल एक वाक्य सांगितलं आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं. शिक्षिकेनं माझ्याकडे पाहिलं.

मग स्काडी या दुसऱ्या देवीची गोष्ट आली. ती डोंगरातली, लांडग्यांच्या आवाजात वाढलेली. लग्न झालं समुद्राच्या देवाशी. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या किंकाळ्यांनी तिला झोप येईना आणि डोंगरात लांडग्यांच्या ओरडण्यानं त्याला. एरवी ही गोष्ट मी रंगवून सांगायचे, कारण डून लेरीला छपरावरच्या सीगलनी मला पहिले सहा महिने पहाटे उठवलं होतं. त्या दिवशी मी ती चार वाक्यांत संपवली.

"आणि ससाणा कुठे आहे?" पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं. रिकामा ओंडका सगळ्यांसमोर होता.

"आज ती विश्रांती घेतेय," मी म्हणाले. सकाळपासूनचं हे दुसरं खोटं.

बस गेली आणि दहा मिनिटांत मालकिणीची गाडी आली. ती लंगडत उतरली. एक्स-रेला बराच वेळ रांगेत बसावं लागलं, पण गुडघा ठीक आहे, असं सांगत होती. मी मध्येच बोलले.

"दोरी आहे."

"काय?"

"तिच्या पायात दोरी आहे. मी फोनवर नाही म्हणाले. आहे."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता. "किती वाजता सुटली?"

"सव्वादहा."

"कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला."

"गाडीत बस," ती म्हणाली. 

आम्ही फाटकातून बाहेर पडतोय तोच समोरून आमचीच गाडी आली. नवरा चालवत होता, शेजारी सासूबाई. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट होतं. मला लगेच कळलं. मटार काढताना त्यांना ते सापडलं होतं. त्यांनी मला तीनदा फोन केला, मी उचलला नाही, मग मुलाला केला. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता.

"हे काय आहे?" नवऱ्यानं काच खाली करून विचारलं. "आई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीये. तू मला निदान सांगायचंस तरी."

"घरी बोलू," मी म्हणाले. "पक्षी हरवलाय. माझ्यामुळे. दोरीत अडकून मरेल तो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मालकिणीकडे. तिनं त्याला इंग्रजीत सरळ कामच सांगितलं. ती आणि मी चर्चकडे जाणार. त्यानं खाणीच्या रस्त्यानं जायचं, गाडी हळू चालवायची, काचा उघड्या ठेवायच्या, उंच जागा बघायच्या आणि घुंगरू ऐकायचं. त्यानं आईला मराठीत सांगितलं. सासूबाईंनी पाकीट पायाशी ठेवलं आणि काच खाली केली. 

चर्चवर काही नव्हतं. आम्ही दोघी थडग्यांमधून मान वर करून फिरलो. मालकीण शिट्टी वाजवायची, थांबायची, ऐकायची. मग शेतातली मोठी झाडं एकेक बघितली. प्रत्येक झाडाखाली जाताना मला वर बघायची भीती वाटायची. दोन वाजले, अडीच वाजले. बहिरी सुटली तेव्हा उपाशी होती, म्हणजे ती आता थकलेली असणार, आणि थकलेला पक्षी बसायला जागा शोधतो. मालकीण हे मला सांगत नव्हती, स्वतःशीच पुटपुटत होती.

तीनच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. "आई म्हणतेय इकडे या. खाणीच्या अलीकडे, जुनी गढी आहे ना, तिथे."

"दिसली?"

"मला काही दिसत नाहीये. आई म्हणतेय."

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई गाडीबाहेर उभ्या होत्या. पायात बूट, साडीवर स्वेटर, खांद्यावर शाल. त्या गढीकडे बोट दाखवत होत्या. शेजाऱ्याच्या कुरणात एक जुना चौकोनी मनोरा आहे, छप्पर गेलेला, एका अंगानं आयव्हीच्या वेलींनी गच्च भरलेला. त्याच्याभोवती छोट्या कावळ्यांचा थवा घिरट्या घालत होता, खाली सूर मारत होता, पुन्हा वर जात होता.

"कावये काऊन येवढा कल्ला करून राह्यले?" त्या मला म्हणाल्या. "उगाच नाई करत ते. तिथं काईतरी हाय त्यायच्या घरापाशी. आमच्याकडं शिकरा आला का असंच करते."

मी मालकिणीला सांगितलं. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. "तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात," ती म्हणाली. "बसलीय. ठीक आहे. दोरी मोकळी दिसतेय."

मग तिनं पिशवीतून आमिष काढलं. दोरीच्या टोकाला पिसांची एक गुंडाळी असते, ती गोल फिरवली की बहिरीला वाटतं शिकार आहे. त्याला मांस बांधावं लागतं. ते आणायला आम्ही दोघी विसरलो होतो.

"पिल्लू हवं," मी म्हणाले.

सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण मालकीण रिकाम्या गुंडाळीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. त्यांनी गाडीतून पाकीट काढलं, वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्याला धरून, आणि हात लांब करून माझ्यासमोर धरलं. बर्फ वितळून पिल्लं सुटी झाली होती. मी एक काढून बांधलं.

मालकिणीनं शिट्टी दिली आणि गुंडाळी फिरवली. बहिरी वाकली, तिनं मान हलवली आणि झेप घेतली. दोन कावळे तिच्यावर तुटून पडले, ती भिंतीच्या अंगानं वळली, आणि दोरी आयव्हीत गेली. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. हवेतच तिला हिसका बसला, ती भिंतीवर आपटली आणि उलटी लटकली. घुंगरू वेड्यासारखं वाजायला लागलं.

मालकीण पळायला गेली आणि तिचा गुडघा वाकला. ती गवतात बसली. "जा," ती मला म्हणाली. "तू जा. वर खिडकी आहे. आधी वाद्या धर, मग दोरी. दोरी आधी सोडलीस तर ती खाली पडेल. ऐकलंस? आधी वाद्या."

"कपडा," ती पुन्हा ओरडली. "तिला गुंडाळायला काहीतरी."

सासूबाईंनी खांद्यावरची शाल काढून माझ्या अंगावर टाकली. सासऱ्यांनी घेऊन दिलेली पश्मिना होती ती.

मनोऱ्याचा जिना भिंतीच्या आतून जातो, गोल, अंधारा, निम्म्या पायऱ्या झिजलेल्या. मालकिणीचा हातमोजा घालून मी हातापायांवर चढले. मागून नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. तिसऱ्या मजल्यावर खिडकी होती, आतून रुंद आणि बाहेर चिंचोळी. मी पोटावर पडून आत सरकले. डोकं आणि खांदे बाहेर गेले. बहिरी माझ्या हाताच्या अंतरावर खाली होती. पंख पसरलेले, चोच उघडी. ती आता फडफडत नव्हती. मला वाटलं संपलं.

"कंबर धर," मी म्हणाले.

नवऱ्यानं माझी कंबर दोन्ही हातांनी धरली. तो म्हणाला, "धरलंय. सोडत नाही." मी आणखी एक वीत पुढे गेले. खाली कुरण दिसत होतं, गाई, दोन बायकांची वर वळलेली तोंडं. हातमोजा तिच्या पायांना लागला आणि तिनं एकदम झटका दिला. नख्या माझ्या दंडात घुसल्या. दुखलं ते मला नंतर कळलं. मी वाद्या चाचपत होते. एक सापडली. दुसरी सापडेना. खालून मालकीण सारखी म्हणत होती, "वाद्या, आधी वाद्या." दुसरी सापडली. दोन्ही अंगठ्याखाली दाबल्या, इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी अंगठा वाकत नव्हता. मग उजव्या हातानं दोरी वेलीवरून सोडवायला लागले. ती मनगटाएवढ्या जाड फांदीला दोनदा गुंडाळली गेली होती. एक वेढा निघाला. दुसरा निघेना, कारण बहिरीच्या वजनानं ताणला होता. मी तिला मोज्यानं थोडं वर उचललं, तेव्हा तो सैल झाला.

"ओढ," मी म्हणाले आणि नवऱ्यानं मला आत ओढलं.

मी तिला शालीत गुंडाळलं. फक्त डोकं बाहेर. ते मोठे काळे डोळे माझ्याकडे बघत होते आणि छाती भराभर हलत होती. आम्ही तसेच जमिनीवर बसलो, दोघं आणि ती.  

खाली मालकिणीनं तिचे पाय, पंख, एकेक सांधा तपासला. डावा पाय सुजला होता, शेपटीची दोन पिसं मोडली होती. तिनं बहिरीला मोज्यावर बसवलं आणि पिल्लाचा तुकडा समोर धरला. "खाल्लं तर जगेल," ती म्हणाली. बहिरीनं बराच वेळ काही केलं नाही. कुणी हललं नाही. मग तिनं मान वाकवली आणि एक लचका तोडला. सासूबाई तोंड फिरवून उभ्या होत्या. "खाल्लं का तिनं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण मागे वळल्या नाहीत.

शेतावर परतल्यावर मालकिणीनं चहा केला. नवरा आणि सासूबाई गाडीत थांबले होते. ती माझ्या दंडावर पट्टी बांधत होती.

"हातात काय होतं?" तिनं विचारलं.

"फोन."

"पक्षी माझ्याही हातून सुटलेत," ती म्हणाली. "त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण तू नाही म्हणालीस आणि मी दोन तास निवांत बसून मासिक वाचलं. तेवढ्या वेळात ती मेली असती तर मी तुला माफ केलं नसतं. मेली नाही, तरी मला वेळ लागेल."

"मी यायचं बंद करू का?"

"तसं मी म्हटलेलं नाही. पिंजरे धुवायला ये. पक्ष्यांना हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी फ्रीजरचा तळचा खण गरम पाण्यानं तीनदा पुसला. मी बटाटे चिरत बाजूला उभी होते. "आई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"मांस खानाऱ्या पाखराले मांसच लागन नं," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "त्याले का वरन-भात घालतीन? पन मले सांगाचं होतं. मी काय तुले खाल्लं असतं?" मग थोड्या वेळानं, "तीनदा फोन लावला मी तुले. उचलला काऊन नाई?"

"ऐकू आला नाही," मी म्हणाले. बहिरी नेमकी कोणत्या वेळी सुटली हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शाल मी लोकरीच्या साबणात भिजवली. रक्ताचा एक डाग राहिलाच. त्यांनी ती तशीच वापरली.

बहिरीचा पाय महिनाभरात सुधारला. मोडक्या पिसांच्या जागी मालकिणीनं मागच्या वर्षीची गळलेली पिसं जोडली, बारीक सळई घालून आणि गोंद लावून. तिनं मला दिवा धरायला लावलं. त्यानंतर आठवड्यानं एका सकाळी तिनं काही न बोलता हातमोजा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. फोन मात्र मला स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवून यावं लागायचं. ते मी तिथे होते तोपर्यंत पाळलं.

जूनमध्ये शाळा संपायच्या आधी सासूबाई एकदा कार्यक्रम बघायला आल्या. त्या दिवशी मालकीण स्वतः तिच्या बेटाची गोष्ट सांगत होती. ती ज्या बेटावर जन्मली ते गेफ्यून नावाच्या देवीनं नांगरून आणलंय, अशी. एका राजानं तिला सांगितलं, चार बैल एका दिवस-रात्रीत जेवढी नांगरतील तेवढी जमीन तुझी. तिला राक्षसापासून झालेले चार मुलगे होते. त्यांना तिनं बैल केलं आणि नांगराला जुंपलं. नांगर इतका खोल गेला की जमिनीचा तुकडाच उपटून निघाला. बैलांनी तो समुद्रात ओढत नेला आणि तेच तिचं बेट झालं. जिथून उपटला तिथे तळं राहिलं.

मी शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत होते. गोष्ट संपली, मुलं मांजरांकडे पळाली. सासूबाई बसून राहिल्या.

"मंग त्या पोरायले पुन्हा मानसं केलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

मी मालकिणीला विचारलं. ती विचारात पडली. इतकी वर्षं ती ही गोष्ट सांगत होती, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "गोष्टीत तसं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "बेट झालं, इथेच ती संपते."

मी ते सांगितलं. सासूबाईंनी कुंपणापाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. तो फोनवर कुणाशी तरी कामाचं बोलत होता.

"तू सांगशीन तवा केलं म्हनून सांगत जाय," त्या म्हणाल्या.

जुलैत त्या परत गेल्या. पुढच्या वर्षी गेफ्यूनची गोष्ट माझ्याकडे आली आणि मी दोन वर्गांना ती सासूबाई म्हणाल्या तशी सांगितली. बेट जागेवर बसलं, देवीनं बैलांच्या मानेवरचं जू काढलं, त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि चारही मुलगे पुन्हा माणसं झाले. तिसऱ्या वेळी मालकीण मागे उभी राहून ऐकत होती. मी गोष्ट मुळात जिथे संपते तिथेच, बेट झालं तिथे, थांबले. मुलांनी कुणी काही विचारलं नाही, आणि मी त्यांना बहिरी दाखवायला घेऊन गेले.